झाडाझडती : झाडावर नोटीस चिकटण्याआधी

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं मोठ्या झाडांविषयी आहेत. त्याचं नवल नाही. मार्चअखेरचा निधी संपवायला काढलेले रस्ते अजून उकरलेले आहेत, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या गाड्या फिरायला लागल्यात आणि उन्हानं सगळ्यांनाच सावलीची आठवण झालीय. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या नगरपालिकांच्या उद्यान विभागात गेली. त्यामुळे उत्तरं पुस्तकातून कमी आणि आळ्यातून जास्त आलेली आहेत. पत्रं जागेअभावी कापली आहेत आणि नावं वाचकांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : काका, आमच्या गल्लीत चार मोठे कडुलिंब आहेत. तीन वर्षांपूर्वी रस्ता सिमेंटचा झाला आणि दोन्ही बाजूंचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) थेट खोडाला नेऊन टेकवले. तेव्हा ठेकेदार म्हणाला, "कडुलिंबाला काही होत नसतं, लई चिवट झाड." आता एक झाड शेंड्याकडून वाळत आलंय. औषध कोणतं मारावं?
— एक वाचक, गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : औषध काही नाही. गट्टू काढा.

ठेकेदार अर्धं खरं बोलला. कडुलिंब चिवटच आहे आणि तेच त्याला नडतं. आज घाव घातला तर तो तीन वर्षांनी वाळतो. तोवर बिलं निघालेली असतात, रस्त्याच्या दुरुस्तीची हमी संपलेली असते आणि दोष पावसाला किंवा किडीला देऊन सगळे मोकळे होतात. मी पाहिलेली शहरातली मोठी झाडं कुऱ्हाडीनं कमी मेली. जास्त मेली ती बुंध्याभोवतीच्या दहा-पंधरा फुटांत झालेल्या कामांनी : ड्रेनेजचा चर, केबलचा चर, एक फूट मुरुमाची भर, गिट्टीचा ढीग, सिमेंट कालवायची जागा. पत्र खोडाविषयी येतं, पण आधी खोडाखालची जमीन बघावी लागते.

झाड जेवढं वर तेवढंच सरळ खाली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न ओढणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक करून वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. तुमच्या शहरात तर बऱ्याच ठिकाणी थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. मुळं खाली जाणार कुठं? ती आडवीच जातात. या मुळ्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वरून सिमेंट ओतलं, रोलर फिरवला की दोन्ही बंद. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मोजक्या झडींत. सिमेंटच्या रस्त्यावरून तो पाच मिनिटांत नालीत जातो आणि वीस फुटांवरचं झाड भर श्रावणात कोरडं राहतं.

एक हिशोब सांगतो. छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाचा घेर टेपनं मोजा. त्याला ३.१४ नं भागा, व्यास निघेल. व्यासाच्या बारा पट अंतरापर्यंत चहूबाजूंनी जमिनीला हात लावू नये, असं झाडांच्या कामातले जाणकार धरतात. तुमच्या कडुलिंबाचा घेर २२० सेंटिमीटर असेल तर व्यास ७०, आणि जपायचं अंतर ८.४ मीटर. म्हणजे तुमची गल्लीच तेवढी रुंद असायची! एवढी जागा शहरात कोणी सोडणार नाही, मलाही ठाऊक आहे. पण यातून कळतं की खोडाला टेकवलेले गट्टू म्हणजे काय प्रकार आहे. निदान एक मीटर तरी मोकळा मागा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो दाखला अर्जात जोडा. आपल्याकडच्या अभियंत्याला दिल्लीचा कागद लवकर समजतो.

काढताना जेसीबी लावू देऊ नका. पहारीनं कडेचा एक गट्टू उचकटा, मग बाकीचे हातानं निघतात. उन्हाळ्यात असा गट्टू उलटा करून पाहा. खालची कच भाजलेल्या विटेसारखी कोरडी असते, पण दोन गट्टूंच्या फटीखाली, जिथं थेंबभर पाणी मुरलेलं असतं, तिथं केसासारख्या तांबूस मुळ्यांची जाळी दाटलेली सापडते. अख्ख्या झाडानं त्या बोटभर फटीवर दिवस काढलेले असतात. ती जाळी खरवडू नका. वरची कच हलक्या हातानं काढा, शेणखत मिसळलेली माती भरा, त्यावर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा आणि खोडाला मात्र तो टेकू देऊ नका. जमिनीची पातळी पूर्वीचीच ठेवा. "छान दिसेल" म्हणून मातीचा ढीग बुंध्यावर चढवला की साल कुजते. पाणी खोडापाशी ओतून उपयोग नाही. जिथवर आळं मोकळं झालंय त्याच्या बाहेरच्या कडेनं, पाइप बारीक सोडून, उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांतून एकदा भरपूर द्या. रोज तांब्याभर घालणं हे पुण्याचं काम असेल, पाण्याचं नव्हे.

जुने लोखंडी ट्री गार्ड अजून असतील तर कटरनं कापून काढा. पट्टी खोडात रुतून गेली असेल तर तेवढा तुकडा राहू द्या, उपटायला गेलात तर साल सोलून निघेल. आणि उरलेल्या तीन झाडांचं आजच करा. चौथ्याची वाळलेली फांदी काढून एक पावसाळा वाट बघा.

प्रश्न : शेजारच्या जुन्या वाड्याची जागा बिल्डरनं घेतली. मागच्या अंगाला एक थोरली चिंच आणि वड आहे. परवा चिंचेवर नगरपालिकेचा कागद चिकटवलेला दिसला, हरकती मागवल्यात. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणीही ती एवढीच होती. माझ्या एकट्याच्या अर्जानं काही होतं का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : होतं. पण भावनेनं लिहिलेल्या अर्जानं होत नाही, मोजमापानं होतं.

आधी कायदा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, दर पाच वर्षांनी वृक्षगणना हे सगळं आहे. तोडीचा अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहिरात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस, दोन्ही द्यावं लागतं. हरकतीची मुदत त्या कागदावरच असते, बहुधा सात दिवस. तेव्हा परवा पाहिलं म्हणता तर आज रात्री बसून अर्ज लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला. शिवाय झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची.

म्हणून तुमच्या बाबतीत सगळा खेळ वयाचा आहे. तोडीच्या अर्जात चिंचेचं वय बहुतेक वेळा "अंदाजे ३०" असं असतं. कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं, विचारायचं. तुम्ही पुरावा द्या. वाड्यातल्या लग्नाचे, मुंजीचे जुने फोटो शोधा, मागं झाड दिसतंच. जुनं खरेदीखत काढा. आपल्या खरेदीखतांत "जल, तरू, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप" असं एका दमात लिहिलेलं असतं ते सोडा, पण चतुःसीमा लिहिताना कित्येकदा "पश्चिमेस चिंचेचे झाड" असा साधा उल्लेख असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदावर ती नोंद सापडली तर तुमचं निम्मं काम झालं. गल्लीतल्या दोन ज्येष्ठांचं प्रतिज्ञापत्र जोडा. घेर मोजताना टेप खोडाला धरलेला फोटो काढा, आकडा दिसेल असा.

दुसरी गोष्ट, नकाशा. बांधकामाचा नकाशा माहिती अधिकारात मागता येतो, पण त्याला तीस दिवस लागू शकतात. तेवढा वेळ नाही, तेव्हा वृक्ष अधिकाऱ्यांकडे स्थळपाहणीची मागणी करा आणि त्या वेळी नकाशा समोर ठेवायला सांगा. वाड्याच्या "मागच्या अंगाची" झाडं बऱ्याचदा इमारतीच्या पायात येतच नाहीत. ती सामासिक अंतरात, म्हणजे कायद्यानं मोकळ्याच सोडायच्या पट्ट्यात उभी असतात. मग तोडायची कशाला? तर चार गाड्यांच्या पार्किंगला. हे कारण अर्जात कधीच लिहिलेलं नसतं. तिथं "बांधकामास अडथळा" असतं. अडथळा नेमका कुठल्या भिंतीला, एवढा एकच प्रश्न विचारा.

तिसरी, पाणी. चिंच ऐंशी वर्षांची ठरली तर ऐंशी झाडं लावावी लागतील. प्रत्येकाला आठवड्याला नुसतं वीस लिटर धरलं तरी सोळाशे लिटर, आणि हे सात उन्हाळे. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे त्या कचेरीतल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. ऐंशी झाडं कोणत्या गट नंबरात लावणार, पाणी कुठलं, सातव्या वर्षी मोजणार कोण, हे लेखी मागा. बिल्डर शहाणा असेल तर इथंच त्याला चिंच ठेवणं स्वस्त वाटायला लागतं. मी हे होताना पाहिलंय. तुमच्या शेजाऱ्याचं मन असं हिशोबानं वळलं तरी आपल्याला चालेल.

अर्ज दोन प्रतींत द्या, आवक विभागाचा शिक्का घेऊन पोच जवळ ठेवा. वडासाठी वेगळा अर्ज करा, त्याच्यावर आज कागद नसला तरी. आणि समजा परवानगी निघालीच, तरी ती मिळाल्यापासून पंधरा दिवस तोड करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे करवत चालू झाली तर पोलिसांना फोन करा, वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा, व्हिडिओ काढा. ही कामं बहुतेक शनिवार-रविवारी किंवा सणाच्या दिवशी उरकतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी गावाला जाऊ नका.

जाता जाता, शहराच्या कडेला राहणाऱ्या वाचकांसाठी : हद्दीबाहेरच्या झाडांना १९६४ चा झाडतोड विनियमनाचा कायदा लागतो. चिंच, आंबा, जांभूळ, मोह त्याच्या अनुसूचीत आहेत. "अजून आम्ही नगरपालिकेत आलो नाही" म्हणजे रान मोकळं असं नाही.

प्रश्न : सर, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पावसाळा संपता संपता आमच्या आवारातल्या मोठ्या कडुलिंबाची शेंड्याकडची पानं तपकिरी पडून फांद्या वाळल्या. व्यवस्थापन समिती म्हणते की झाड मेलं, पोरांच्या डोक्यात पडायच्या आत काढून टाकू. मुलं रडकुंडीला आलीत.
— एक शिक्षिका, परभणी जिल्हा

उत्तर : बाई, समितीला चैत्र सरेपर्यंत थांबवा.

हा रोग बहुधा शेंडेमर आहे. फोमॉप्सिस नावाची बुरशी कोवळ्या फांद्यांवर येते. ढेकण्या नावाची रस शोषणारी कीड आधी त्या फांद्या टोचून तिला वाट करून देते. २०२१ मध्ये तेलंगणात कडुलिंबांची अशी होरपळल्यासारखी अवस्था झाली तेव्हा मोठी ओरड झाली होती, नंतर आपल्याकडेही अशी झाडं दिसू लागली. पावसाळी दमट हवेत ही बुरशी वाढते आणि थंडीपर्यंत झाड पार करपलेलं दिसतं. पण मुळं धड असतील तर मोठं झाड यातून बहुतेक वेळा वर येतं. चैत्रपालवी फुटते.

झाड मेलं की नाही हे ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. वाळलेल्या टोकापासून हात-दीड हात मागं या, अंगठ्याच्या नखानं साल खरवडा. खाली हिरवी, ओलसर रेघ दिसली तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडी दिसली तर आणखी मागं या. झाडाचा जिवंत भाग म्हणजे सालीलगतचा हा पातळ थरच. मधला गाभा तसाही जुनं, मेलेलं लाकूड असतो. हा खेळ मुलांकडूनच करून घ्या, एकेका फांदीला चुन्याची खूण करा. जिथं हिरवं लागलं त्याच्या पुढचं वाळकं कापून जाळून टाका, आवारात ढीग करून ठेवू नका. बुरशी तिथंच राहते. फवारणी करायची तर परभणीच्या कृषी विद्यापीठात जाऊन विचारा, तुम्हाला जवळच आहे. पन्नास फुटी झाडावर दुकानदारानं दिलेलं औषध पाठीवरच्या पंपानं मारणं म्हणजे खालून जाणाऱ्या पोरांवरच फवारणी.

समितीची भीती मात्र खोटी नाही. वाळलेल्या फांद्या पडतात. त्या उतरवून होईपर्यंत झाडाखाली वर्ग भरवू नका.

प्रश्न : दरवर्षी पावसाळ्याआधी तारांसाठी आमच्या रस्त्यावरची झाडं भादरून टाकतात. नुसते ठोंब उरतात. विचारलं तर म्हणतात, फुटेल परत. फुटतंही. मग त्यात वाईट काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : फुटतं त्यातच वाईट आहे. ठोंबाच्या कडेनं जे झुबकेदार धुमारे येतात ते आतल्या लाकडात रुजलेले नसतात, नुसते सालीलगत चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि पहिल्याच वळवात फाटून तारेवर पडतात. म्हणजे तारा वाचवायला केलेली छाटणीच तारा तोडते. शिवाय झाड हिरवं व्हायला साठवलेलं सगळं खर्च करतं, आणि ठोंबाच्या उघड्या तोंडातून कूज आत उतरते.

बरोबर छाटणी कशी असते ते पाहून ठेवा. फांदी खोडाला मिळते तिथं साल किंचित फुगलेली असते, बांगडी घातल्यागत. ती बांगडी झाडाकडेच राहिली पाहिजे, कात्री तिच्या जरा बाहेर. बांगडी राहिली तर कडेनं नवी साल वळून जखम भरत येते. जड फांदी एका घावात कापायची नाही, ती खाली येताना खोडाची साल सोलत नेते. आधी हातभर पुढं खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढं वरून काप, वजन पडलं की उरलेला खुंट बांगडीपाशी. तीन काप, पाच मिनिटं जास्त. डांबर, ऑइलपेंट, गेरू काही फासू नका.

वीज कंपनीच्या गाडीवरच्या पोरांशी भांडून उपयोग नाही. त्यांना फुटावर काम दिलेलं असतं. कॉलनीनं एप्रिलमध्येच उपअभियंत्याला गाठावं, कुठल्या फांद्या तारेच्या बाजूच्या आहेत ते खडूनं दाखवावं आणि तेवढ्याच काढायला लावाव्यात. खांबावरची तारेची खुंटी हलवता येते, तारेला आवरण असलेली केबल टाकता येते. खर्च विचारून बघा, काही ठिकाणी तो लोकप्रतिनिधीच्या निधीतून झालेला आहे. आणि नवं झाड लावताना तारेखाली शिरीष लावू नका हो!

प्रश्न : रस्ता रुंदीकरणात आमच्याकडची जुनी झाडं जाणार होती. आता म्हणतात, तोडणार नाही, यंत्रानं उचलून दुसरीकडं लावू. आम्ही आंदोलन मागं घ्यावं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : कागद बघितल्याशिवाय घेऊ नका.

मोठं झाड हलवता येतं, पण कोणतं आणि कसं याला महत्त्व आहे. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी त्यातल्या त्यात जगतात. फांदी रोवली तरी धरणारी जात ती. मोठी चिंच, मोठा कडुलिंब, आंबा, यांच्याबाबत मी फारशी आशा धरत नाही. मुळांसकट उचलायचा मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ-दहा पट तरी रुंद हवा. दोन फूट व्यासाच्या खोडाला सोळा-वीस फूट. तो कित्येक टनांचा होतो, आणि आपल्या मुरमाड जमिनीत तो गोळा धरूनच राहत नाही, ट्रेलरवर चढेपर्यंत निम्मा गळतो. म्हणून प्रत्यक्षात सहा फुटी गोळा उचलतात, फांद्या सगळ्या उडवतात आणि गावाबाहेर खड्ड्यात एक खांब उभा करून फोटो काढतात. सहा महिने तो खांब हिरवा दिसतो. स्वतःच्या अंगातलंच खात असतो.

तेव्हा विचारा : उचलण्याच्या काही महिने आधी चर मारून मुळं टप्प्याटप्प्यानं छाटली का, म्हणजे गोळ्याच्या आत नवी मुळं फुटतात. जागा कोणती, पाणी कोण देणार, किती वर्षं? आणि मुख्य म्हणजे निविदेत पैसे कशाचे आहेत, उचलल्याचे की जगल्याचे? तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत झाडं मोजून शेवटचा हप्ता, अशी अट घालायला लावा. ती अट आली की ठेकेदार स्वतःच म्हणतो, साहेब, झाडं दुभाजकात घेतली तर? जुनी रांग दुभाजकात ठेवून दोन्हीकडून रस्ता नेणं हा उत्तम उपाय आहे, फक्त मग दुभाजक दीड फुटाचा सिमेंटचा कुंडा नको, रुंद मातीचा पट्टा हवा.

प्रश्न : समोरच्याच्या दुकानाची पाटी झाकते म्हणून त्यानं रात्री झाडाच्या बुंध्याला भोकं पाडून हिंग भरला अशी चर्चा आहे. हिंगानं झाड मरतं का? तक्रार करता येते का?
— एक वाचक, बीड

उत्तर : हिंगाची ही गोष्ट मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय, आणि तेव्हाही तो महाग होता. पुडीभर हिंगानं एवढं झाड मरेल यावर माझा विश्वास नाही. मरतं ते भोकांनी, किंवा त्यात हिंगाच्या नावाखाली ओतलेल्या ॲसिडनं, तणनाशकानं, नाहीतर बुंध्याची साल गोल कातरून काढल्यानं. वरून पाहिलं तर साधी खरचटल्याची खूण वाटते.

तक्रार जरूर करा. कायद्यात "झाड तोडणे" याच्या व्याख्येतच जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं धरलेलं आहे. आडवं पडलेलं झाडच दाखवावं लागतं असं नाही. भोकांचे फोटो, शेजारी एक नाणं ठेवून म्हणजे आकार कळेल, तारीख, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं तर उत्तमच, आणि वृक्ष अधिकाऱ्याला पंचनाम्याची लेखी मागणी. मात्र नाव लिहू नका. "अज्ञात व्यक्तीने" म्हणा. चर्चेवर नाव घेऊन तुम्हीच अडकाल. भोकं ताजी असतील तर स्वच्छ पाण्यानं धुऊन काढा, माती-शेणानं बुजवू नका. खाली माती भिजलेली, वासाची असेल तर वरची वीतभर माती काढून बदला आणि भरपूर पाणी द्या.

प्रश्न : आमच्या अंगणातला गुलमोहर तीस-पस्तीस वर्षांचा आहे. बुंध्याला छत्रीसारखी बुरशी उगवते, ठोकलं की पोकळ आवाज येतो, घराकडे झुकलाय. पर्यावरणवादी मुलगी तोडू देत नाही.
— एक गृहस्थ, धाराशिव

उत्तर : मुलीला माझा आशीर्वाद सांगा आणि परवानगी काढून झाड उतरवा. बुंध्याला उगवलेली छत्री म्हणजे आत मुळांपर्यंत कूज गेलेली असते. गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ, मुळं उथळ. त्याच्या जागी मुलीच्या हातानं कडुलिंब नाहीतर करंज लावा, भिंतीपासून पंधरा फूट सोडून. सगळीच झाडं वाचवायची असं म्हणणारे आणि सगळीच तोडायची असं म्हणणारे, दोघांनीही झाडाकडे नीट पाहिलेलं नसतं.

प्रश्न : आमच्या देवळासमोरच्या वडाच्या पाराचा जीर्णोद्धार करायचा आहे. वर्गणी चांगली जमलीय. आरसीसी पार, वर ग्रॅनाइट, ढोलीत सिमेंट भरून शेंदूर, असा बेत आहे. वटपौर्णिमेच्या आत काम संपवायचंय. काही सूचना?
— विश्वस्त, अंबाजोगाई परिसर

उत्तर : दादा, जुना पार का टिकला ते आधी पाहा. तो कोरड्या दगडांचा रचलेला असतो, सांध्यांत चुनाही नसतो बहुधा. पाणी मुरतं, हवा खेळते, मूळ जाड झालं तर दगड बोटभर सरकतो. आरसीसीत मूळ सरकू शकत नाही. मग एकतर पार फुटतो नाहीतर झाड मार खातं. ढासळलेले तेवढे दगड पुन्हा रचून घ्या, वरचा भाग मातीचाच ठेवा. बसायला हवं म्हणून कडेनं हातभर रुंदीच्या फरश्या, सांधे मोकळे.

ढोलीत सिमेंट अजिबात नको. पूर्वी ही पद्धत होती, आता जाणकारांनी सोडली आहे. वारं आलं की खोड हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांच्या मध्ये फट पडते, तिच्यात पाणी साचून कूज आणखी आत जाते. ढोली कोरडी ठेवा, आत कोणी दिवा लावणार नाही एवढं बघा. ढोलीतल्या निरांजनानं आख्खं झाड पेटलेलं मी पाहिलंय.

पारंब्या पोरं झोके घ्यायला तोडतात. दोन-चार बळकट पारंब्या निवडा, उभा चिरलेला बांबू किंवा रुंद पाइप त्यांच्याभोवती बांधून आत माती आणि खत भरा, ओलं ठेवा. जमिनीत शिरल्या की त्या खांब होतात आणि आडव्या फांद्यांचा भार घेतात. वटपौर्णिमेला सूत गुंडाळलेलं चालतं, सुती असेल तर. नायलॉनचा दोरा दुसऱ्या दिवशी कापून काढायला एक माणूस नेमा. कापूर आणि उदबत्त्या पारावर नकोत, बाजूला दगडी चौथरा करा. आणि तालुक्याच्या बाजारातून पूजेला तोडून आणलेल्या वडाच्या फांद्या देवळात घेऊ नका, एवढा नियम विश्वस्तांनी केला तर बायका ऐकतील. त्यांना खरा वड समोर आहेच.

ग्रॅनाइटचे पैसे वाचतील. त्यात तीन-चार उन्हाळ्यांचे टँकर सहज बसतील. वर्गणीदारांची नावं ग्रॅनाइटवर कोरायची कबुली दिली असेल, तर ती पाटी देवळाच्या भिंतीत बसवा. झाडाला खिळा ठोकून नको.